जाड चाळण, बारीक चाळण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बेळगावात पाऊस धरला की गणपतीपर्यंत आकाशाची आशा सोडायची, हे इथं राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. खानापूर-जांबोटीकडं तर विचारूच नका. माझं ताऱ्यांचं सगळं काम नेमकं याच महिन्यांत झालं. शहापुरात भाड्याची खोली, गळक्या कोपऱ्यात बादली, आणि जुन्या लॅपटॉपला मोबाइलचं नेट. एकदा रात्री दीड वाजता दिवा दिसला म्हणून घरमालकीण काकू जिना चढून आल्या. "काय गे, अजून जागीच? काय करूलालीस?" म्हटलं, "तारे बघतेय, काकू." त्यांनी खिडकीतून बाहेरचा पाऊस बघितला, मग माझ्याकडं बघितलं, आणि काही न बोलता खाली गेल्या. सकाळी पाणी भरताना मात्र हळूच विचारलं, "रात्री जेवलीस काय?"

मी पी.यू. कॉलेजात फिजिक्स शिकवते. घर निपाणीचं. एम.एस्सी. होऊन बरीच वर्षं झाली, आणि संशोधन म्हणजे आपलं राहूनच गेलेलं काम अशी मनाची समजूत घालून झाली होती. पुण्यात एका कार्यशाळेत भेटलेल्या सरांनी विषय दिला: रासायनिकदृष्ट्या विचित्र ताऱ्यांभोवती धूळ आहे का, ते अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडच्या न दिसणाऱ्या प्रकाशात शोधायचं. दुर्बीण नको, सगळा डेटा फुकट उपलब्ध आहे. "वेळ आणि चिकाटी तुमची," सर म्हणाले. वेळ नव्हताच, पण हो म्हणून बसले.

विचित्र म्हणजे काय, ते आधी सांगते. 1897 मध्ये हार्वर्डच्या अँटोनिया मॉरी यांनी ताऱ्यांच्या वर्णपटांचं, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशाच्या पट्ट्यांचं, वर्गीकरण छापलं, त्यात काही तारे चौकटीत बसेनात. प्रत्येक मूलद्रव्य त्या पट्ट्यात आपल्या रेषा उमटवतं; एकात सिलिकॉनच्या रेषा भलत्याच ठळक होत्या. पुढं असे तारे सापडतच गेले. कुणात क्रोमियम, स्ट्रॉन्शियम, युरोपियम जास्त, कुणात पारा आणि मँगनीज. 1947 मध्ये होरेस बॅबकॉक यांना कन्या राशीतल्या 78 क्रमांकाच्या अशाच एका ताऱ्यात चुंबकीय क्षेत्र सापडलं. सूर्य सोडून इतर ताऱ्यात सापडलेलं ते पहिलं. 1974 मध्ये जॉर्ज प्रेस्टन यांनी सगळ्यांचे चार गट पाडले: धातुरेषांचे, चुंबकीय, पारा-मँगनीजचे आणि हेलियम कमी असलेले.

हे लांबचे पाहुणे नव्हेत. सप्तर्षींतला अंगिरा हा आकाशातला सगळ्यात तेजस्वी चुंबकीय विचित्र तारा. व्याधाच्या वर्णपटातही धातूंच्या रेषा प्रमाणाबाहेर आहेत. उत्तरा भाद्रपदा नक्षत्रातल्या दोन ताऱ्यांपैकी जो देवयानीच्या डोक्याशी आहे, तो पारा-मँगनीज गटातला सगळ्यात तेजस्वी.

अख्ख्या ताऱ्यात पारा भरलेला नसतो, हे वर्गात सांगितलं की पोरं जरा नाराज होतात. विचित्रपणा फक्त वरच्या पातळ थरात असतो. हे तारे बहुधा संथ फिरतात, त्यांचं वातावरण निवांत असतं, ढवळणं नाही. अशा शांततेत प्रत्येक मूलद्रव्यावर दोन ओढी चालतात: गुरुत्वाकर्षण खाली ओढतं, आणि आतून येणारा प्रकाश वर ढकलतो. जे मूलद्रव्य तो प्रकाश चांगला शोषतं, ते वर तरंगत येतं. बाकीचं खाली बसतं. ही मांडणी जॉर्ज मिशो यांनी 1970 मध्ये केली. डबक्यातलं पाणी रात्रभर हललं नाही तर गाळ खाली आणि तवंग वर, तसंच. कुणी पाय घातला की सगळं एक.

धुळीचा प्रश्न नेमका इथं येतो. ताऱ्यावर बाहेरून वायू पडत राहिला तर हा पातळ थर ढवळून निघायला हवा. म्हणजे विचित्र ताऱ्यांभोवती फार काही सांडलवंड नसावी. उलट्या टोकाला लॅम्डा बूटिस नावाचा गट आहे. त्यांच्या पृष्ठभागावर लोखंड वगैरे कमी. एक खुलासा असा, की त्यांच्यावर वायू पडतो, पण जड मूलद्रव्यं धुळीत अडकलेली असल्यामुळे ती बाहेरच राहतात. धूळ एकाला मारक आणि दुसऱ्याला कारण. मला हा विषय आवडला तो इथं.

धूळ दिसते कशी? अभिजितच्या बाबतीत ती योगायोगानं दिसली. 1983 मध्ये आयरास उपग्रह मोजमाप पडताळायला अभिजितकडं बघत होता, आणि तो 60 मायक्रॉन तरंगलांबीला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अपेक्षेपेक्षा कितीतरी तेजस्वी निघाला. तारा दहा हजार अंशांच्या घरातला, त्याचा प्रकाश जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) भागात सगळ्यात जास्त. लांब तरंगलांबीकडं तो घसरत जातो. भोवतीची धूळ ताऱ्याचा प्रकाश पिऊन अवरक्तात परत टाकते. 150 केल्विनची धूळ सगळ्यात जास्त 19 मायक्रॉनच्या आसपास चमकते. 150 केल्विन म्हणजे उणे 123 अंश सेल्सिअस, आणि खगोलवाले तिला 'उबदार धूळ' म्हणतात. या लोकांनी एकदा जानेवारीत चोर्ल्याला पहाटे यावं.

तर काम असं: ताऱ्याचा स्वतःचा प्रकाश किती असायला हवा ते काढायचं, मोजलेला किती ते बघायचं, आणि 12 किंवा 22 मायक्रॉनला जास्त निघालं तर दाखवायचं. ऐकायला हिशेबाचं काम.

यादी रेन्सन आणि मॅनफ्रॉइड यांच्या 2009 च्या सूचीतून घेतली. तिच्यात आठ हजारांवर नोंदी. लालच्या जवळच्या अवरक्तासाठी टूमास नावाच्या आकाश-पाहणीची सूची, दूरच्यासाठी वाइजची. वाइज हा 40 सेंटिमीटर आरशाचा छोटा उपग्रह, डिसेंबर 2009 मध्ये सुटला. 3.4, 4.6, 12 आणि 22 मायक्रॉन अशा चार पट्ट्यांत त्यानं सगळं आकाश टिपलं. तीन सूच्या एकमेकींना जुळवायच्या, म्हणजे या नोंदीतला तारा त्या नोंदीतला तोच ना, एवढंच ठरवायचं.

एवढंच, आणि पहिली चूक तिथंच. जुळणीचं वर्तुळ मी दहा विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) ठेवलं, कारण तारे निसटतील अशी भीती. तारे निसटले नाहीत, शेजारीपाजारीही पकडले गेले. आकाशगंगेच्या पट्ट्यात दहा विकलांत दुसरं कुणीतरी सापडतंच. सरांचा फोन आला, "वर्तुळ दोन-तीनवर आणा, पण आधी तारे हलवा." हलवा म्हणजे खरोखरच हलवा. सूचीतल्या जागा 2000 सालच्या, वाइजची चित्रं 2010 ची. वर्षाला एक दशांश विकला सरकणारा तारा दहा वर्षांत एक विकला पुढं गेलेला असतो. गाया उपग्रहाच्या मापांवरून प्रत्येक तारा त्याच्या 2010 च्या जागी सरकवला, मग जुळणी केली. यात जुलै गेला.

आलेख काढला आणि ऊर भरून आला. साठेक तारे रेषेच्या वर! 4.6 मायक्रॉनला सगळे टम्म फुगलेले. त्या दिवशी मी कॅम्पातून पाव किलो कुंदा आणला, काकूंना दिला, आणि कारण विचारल्यावर "असंच" म्हटलं. नशीब, असंच म्हटलं. कारण रात्री सरांचं एका ओळीचं उत्तर: "हे सगळे सातव्या प्रतीपेक्षा तेजस्वी आहेत का?"

होते. प्रत म्हणजे तेजाचा आकडा, आकडा लहान तितका तारा तेजस्वी. वाइजचा 4.6 चा पट्टा साधारण सातव्या प्रतीलाच भरून ओसंडतो. अशा ताऱ्यांचं तेज कडेच्या न भरलेल्या भागावरून अंदाजानं काढतात, आणि या पट्ट्यात तो अंदाज ठरलेल्या पद्धतीनं जास्त निघतो. हे स्पष्टीकरण-पुस्तिकेत छापलेलं आहे. मी पुस्तिका वाचली नव्हती. साठ शोध एका परिच्छेदात गेले. कुंदा आधीच संपला होता.

मग पट्टे बदलले. आधार टूमासच्या 2.2 मायक्रॉनचा, तुलना 12 आणि 22 शी, कारण ते दोन पट्टे इतके लवकर भरत नाहीत. पण टूमासही चौथ्या प्रतीपेक्षा तेजस्वी ताऱ्यांनी भरतो आणि चूक एकदम वाढते. थोडक्यात, छपरावर उभं राहून बोट दाखवता येईल असा तारा या कामात जवळजवळ निरुपयोगी. देवयानीच्या डोक्याचा तो तारा, अंगिरा, व्याध, सगळे बाद. विद्यार्थ्यांना दाखवायला एकही शिल्लक नाही, याचं वाईट वाटलं.

नागपंचमीला निपाणीला गेले. आजीनं तिथल्या तंबाखूच्या वखारीत पस्तीस वर्षं काढली. कुटायचं, चाळायचं, तोंडाला फडकं बांधायचं, तरी नाकात भुकटी. आता तिचं वय झालंय, पण माझ्या हातात काही असलं की तिला बघायला लागतं. मी सोप्यात बसून एकेका ताऱ्याची चार-चार चित्रं डोळ्यांनी तपासत होते, आणि डोळे गेले होते. "काय पाखडतीस गं एवढं?" तिनं विचारलं. म्हटलं, खरी धूळ कुठली आणि खोटी कुठली, ते निवडतेय. "किती हाईत?" शेकडो. "मग जाड चाळण लावलीस का नाही आधी? सुरुवातीलाच बारीक लावली तर चाळणच बुजतीया."

ती तंबाखूबद्दल बोलत होती, हे मला कळत होतं. पण डोळ्यांनी चित्रं बघणं ही माझी सगळ्यात बारीक चाळण, आणि ती मी सगळ्यात आधी लावून बसले होते. वाइजच्या सूचीत प्रत्येक मोजमापाशेजारी अक्षरं असतात: शेजारच्या तेजस्वी ताऱ्याचा काटा इथं पडलाय, इथं प्रभामंडळ आहे, इथं आरशातलं भूत, इथं मागच्या चित्राचा ठसा उरलाय. मोजमापाची प्रत अ, ब, क, आणि नुसतीच वरची मर्यादा असेल तर तीही खूण. रेन्सनच्या सूचीतही शंकास्पद नोंदींपुढं प्रश्नचिन्ह असतं, आणि चुकून या घोळक्यात शिरलेल्यांपुढं तिरकी रेघ. हे सगळं संगणक दोन सेकंदांत गाळतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये आजही दोन फंक्शनं आहेत, 'जाड' आणि 'बारीक'. सरांनी कोड मागितला तेव्हा नावं बदलायची राहिली. त्यांनीही ती तशीच ठेवली.

जाड चाळणीतून जे उरलं त्यांची चित्रं मग खरोखर बघितली, आणि इथं मला पहिल्यांदा मजा आली. 22 मायक्रॉनला आकाश काळं नसतं. सूर्यमालेतली धूळ त्यात चमकते, आकाशगंगेतले धुळीचे ढग चमकतात, आपल्या पावसाळी ढगांसारखे फाटके-तुटके. त्यात तारा बसला असेल तर मोजमापाला अर्धा ढग चिकटून येतो. कृत्तिका हे याचं नमुनेदार उदाहरण. तिथली माया ही मँगनीज चढलेली, विचित्रांच्या पंगतीतली. तिच्याभोवती धूळ आहेच, फोटोत निळी झळाळते. पण ती कृत्तिकांची घरची नव्हे. तो पुंजका वाटेत आलेल्या ढगातून चाललाय. घरची धूळ आणि रस्त्यावरची धूळ यांत फरक करायचा तर तारा नेमका मध्यभागी आहे का, चमक बिंदूसारखी आहे का पसरलेली, हे बघायचं.

मध्यभाग हे दुसरं प्रकरण. वाइजची नजर 3.4 मायक्रॉनला सहा विकलांची, 22 ला बारा विकलांची. त्या बारा विकलांत मागची एखादी दीर्घिका सहज मावते. 3.4 च्या चित्रात तारा बरोबर जागेवर, 22 च्या चित्रात तेजाचा मध्य जरासा बाजूला सरकलेला, म्हणजे समजायचं की धग दुसऱ्याच कुणाची तरी आहे. माझ्या यादीतला सगळ्यात देखणा तारा असाच गेला. त्याचा आलेख मी दाखवायला म्हणून रंगवूनसुद्धा ठेवला होता.

जोडीदारांचा त्रास वेगळा. धातुरेषांच्या ताऱ्यांत बहुतेकांना जवळचा जोडीदार असतो. जोडीदार थंड आणि लाल असला तर अवरक्तात भर घालतो. पण त्याची भर 2 मायक्रॉनच्या आधीच दिसायला लागते आणि पुढं सरळ चालते. धुळीची भर मात्र 10 मायक्रॉनपर्यंत गप्प असते, आणि मग एकदम डोकं वर काढते. आलेखाचा आकार बघून हे सहसा कळतं, आणि नाही कळलं तर मी तारा काढून टाकला. इथं मी कठोर होते. सरांच्या मते जरा जास्तच.

ताऱ्याचा स्वतःचा प्रकाश ज्यांवरून काढायचा, त्या वर्णपटाच्या नमुन्यांचाही घोळ होता. नेहमीचे तयार नमुने सूर्यासारखी घडण धरून बनवलेले असतात. विचित्र ताऱ्यात जास्तीची मूलद्रव्यं जंबुपार प्रकाश अडवतात आणि तोच प्रकाश दृश्य भागात बाहेर पडतो, त्यामुळं नेहमीच्या रंगावरून काढलेलं तापमान फसवं निघतं. सुदैवानं अवरक्तातली शेपूट तापमानाला फारशी जुमानत नाही. जवळच्या अवरक्तात नमुना टेकवला की पुढची उतरण जवळजवळ ठरलेली. दोन आठवडे मी या भीतीत काढले आणि शेवटी फरक किरकोळ निघाला. ती वही फाडली नाही, पण उघडतही नाही.

सप्टेंबरच्या शेवटी हातात सहा तारे होते. मी ऐटीत लिहिलं की इतक्या विचित्र ताऱ्यांपैकी फक्त सहांभोवती धूळ, म्हणजे धूळ दुर्मिळ, म्हणजे निवांत वातावरणाची कल्पना बरोबर. सरांनी विचारलं, "छेदात काय घेतलंत?"

सगळे तारे घेतले होते. या प्रश्नावर मी दोन दिवस चिडून होते, मग कळलं. वाइजचा 22 मायक्रॉनचा पट्टा आठव्या प्रतीच्या आसपास संपतो. नवव्या प्रतीचा बिनधुळीचा तारा त्याला दिसतच नाही. दिसतो तो फक्त धूळ असेल तर, तीही भरपूर. म्हणजे मंद ताऱ्यांत "धूळ नाही" आणि "बघता आलं नाही" यांचा रकाना एकच. हे तारे छेदात घालून मी धूळ दुर्मिळ ठरवत होते. आणि फक्त दिसलेलेच घेतले असते, तर धूळ सर्रास ठरली असती. वरून चौथ्या प्रतीचं छत, खालून आठव्याची जमीन, मधल्या पट्टीत ज्यांची उघडी-नागडी, बिनधुळीची उतरणसुद्धा 22 ला मोजता आली असती, तेवढेच छेदात. शिक्षक म्हणून मला हे सुचायला हवं होतं. कुणी दहापैकी चार पेपर लिहून सरासरी दहावर काढली, तर मी त्याला वर्गाबाहेर काढीन.

छेद लहान झाला. अंशही: सहातले तीन तारे त्या पट्टीबाहेरचे. चौथ्याचं आधिक्य मोजमापातल्या संभाव्य चुकीच्या तीनपटीच्या जेमतेम वर होतं. शेकडो तारे तपासल्यावर त्यातला एखादा नुसत्या नशिबानंही तिथं चढतो, म्हणून तो सोडला. उरले दोन. दोनच्या जिवावर प्रमाण काढायचं नाही, हे मी आता कुणी सांगायच्या आधी सांगते. एवढं म्हणता येतं, की तपासता आलेल्या बाकीच्या ताऱ्यांत वाइजला दिसेल इतकी उबदार धूळ नाही. थंड धूळ 60 किंवा 100 मायक्रॉनला असेल तर माझ्या चाळणीतून ती पडून गेलेली असणार.

त्या दोघांची नावं लिहीत नाही, कारण एक धोका अजून जिवंत आहे. काही तारे स्वतःभोवती वायूची तबकडी फेकतात, बीई तारे म्हणतात त्यांना. त्या तबकडीतले मोकळे इलेक्ट्रॉनही अवरक्तात भर घालतात, धुळीचा कण नसताना. जुन्या काळी अस्पष्ट वर्णपटावरून असा एखादा तारा विचित्रांच्या यादीत शिरला असेल, तर माझी धूळ म्हणजे वाफ. हायड्रोजनची लाल रेषा नीट टिपली की निकाल लागतो: ती उजळ निघाली तर तारा बाद. त्यासाठी खरी दुर्बीण लागते आणि रात्र लागते.

दिवाळीच्या सुट्टीत आकाश उघडलं. येळ्ळूरच्या राजहंसगडावर कॉलेजची दहा-बारा पोरं घेऊन गेले. डोक्यावर भाद्रपदांचा चौकोन होता. पारा असलेला तारा दाखवला, तेव्हा एकानं विचारलं, "मॅडम, तुमचे दोन कुठं?" एक अजून क्षितिजाखाली होता. दुसऱ्याच्या जागेकडं बोट केलं. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पोरांनी बघितल्यासारखं केलं.

सध्या तमिळनाडूतल्या कवलूर वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी अर्ज भरतेय. 'किती रात्री हव्यात' या रकान्यात आधी चार लिहिलं होतं. सरांनी विचारलं, दोन ताऱ्यांना चार कशाला? म्हटलं, ढग. त्यांनी तीन करायला सांगितलं.